पितळेची तोटी

आमच्या संगमनेरच्या घरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब मोडीत निघाला तेव्हा मी आठवीत होते. मोडवाल्यानं तो काट्याच्या आकड्याला लटकवला तशी आतून मूठभर राख अंगणात सांडली. आजी केरसुणी घेऊन धावली. बंब चाललाय याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, राखेबद्दल मात्र मोडवाल्याला चांगलं सुनावलं.

त्याच आठवड्यात न्हाणीघराच्या भिंतीवर गिझर बसला होता. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि आम्ही भावंडं त्या दिव्याखाली पाणी तापायची वाट बघत उभी राहायचो. वखारीतून बंबफोड आणायची, पावसाळ्याआधी ती माळ्यावर टाकून ठेवायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवायचा, दिवाळीला चिंच-मीठ लावून घासायचा, ही सगळी कामं त्या लाल दिव्यानं संपवली. ती कामं आजीची आणि आईची होती. बंबाच्या आठवणीनं गहिवरून लिहिणाऱ्या पुरुषमंडळींवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही.

त्यानंतर बंब पुन्हा दिसला तो तीसेक वर्षांनी, ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या एका गावात.

मी तिथे वाघ बघायला गेले नव्हते. मी अहवाल लिहिते. कुठल्या तरी कंपनीचा किंवा ट्रस्टचा पैसा कुठल्या तरी गावात जातो, त्याचं तिथे काय झालं हे चाळीस पानांत, फोटोंसकट मांडून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आलं, एप्रिल 2014 पासून ते लागू झालं, आणि ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. कामांच्या यादीत पर्यावरण आणि वन्यप्राणी आहेत. त्यामुळे माझ्यासारख्या बऱ्याच जणींच्या घरचा किराणा अप्रत्यक्षपणे वाघ भरतो. या धंद्यातला हंगाम म्हणजे मार्च. तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या तोडणीच्या, आधीचा.

पहिल्यांदा त्या गावात गेले ती शिलाई मशिनींसाठी. कंपनीचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही, त्यानं काही फरकही पडत नाही. कल्पना अशी की बायकांना घरबसल्या रोजगार मिळाला तर त्या जंगलात जाणार नाहीत, जंगल वाचेल, वाघ वाचेल. समाजमंदिरात रांगेनं मशिनी मांडल्या होत्या, प्रत्येकीवर कंपनीचा स्टिकर, समोर गुलाबी साड्या नेसून बसलेल्या बायका. मी प्रत्येकीला विचारलं, फायदा होतो का? प्रत्येकीनं ‘होते ना जी’ म्हणून सांगितलं. मी ते लिहिलं. ‘महिलांचे जंगलावरील अवलंबित्व लक्षणीयरीत्या घटले’ हे वाक्य माझंच आहे, आणि ते मी त्या समाजमंदिरातून बाहेर न पडता लिहिलं होतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी त्याच गावात गेले. समाजमंदिराला कुलूप होतं. किल्ली शोधायला अर्धा तास गेला. आत मशिनींवर धानाचे कट्टे रचून ठेवलेले, एका मशिनीच्या चाकाचा पट्टा तुटून लोंबत होता. पट्टा काही महाग वस्तू नाही. चंद्रपूरला कुठेही मिळतो. मी सोबतच्या मावशींना विचारलं, बदलला का नाही? त्या म्हणाल्या, ‘साहेब लोकाईची मशीन हाय जी ते. आमी कसा बदलवाचा?’

मावशी म्हणजे गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षा. साठीच्या आसपासच्या. त्यांच्याच घरी माझी राहायची सोय केली होती, आणि तिथेच दुसऱ्या दिवशी पहाटे मला मागच्या अंगणात बंब दिसला. तांब्याचा नव्हता, पत्र्याचा होता. पण आकार तोच, मधून वर गेलेली धुराची नळी तीच, खाली राखेचं दार तेच, आणि पुढे तोटी. मावशी उकिडव्या बसून आत तुराट्या सारत होत्या. डिसेंबर होता, अंगणात दव पडलं होतं, कडेला कोंबड्यांचं खुराडं, आणि पलीकडे कुंपणाच्या काट्यांपासून जंगल सुरू. मी तशीच उभी राहिले. तुराट्या जळतानाचा वास नाकात गेला आणि मला एकदम आजीच्या पदराला हात पुसायची इच्छा झाली.

‘पुन्यात नाई का असा?’ मावशींनी विचारलं.

‘होता,’ मी म्हटलं. ‘मोडीत काढला.’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुभती म्हैस विकल्याचं सांगितलं.

ताडोबाचा नकाशा समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं. 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, साधारण 116 चौरस किलोमीटरचं. 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आलं, 1995 मध्ये दोन्ही मिळून सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. आणि 2010 मध्ये त्याभोवती बफर आखला गेला, सुमारे 1,100 चौरस किलोमीटर. गाभ्यातली बोटेझरी, जामणी, नवेगाव अशी गावं उठून दुसरीकडे गेली. बफरमधली गावं जागच्या जागी राहिली. मावशींच्या शब्दांत सांगायचं तर, ‘आमी कुठं गेलो नाई जी. बफर आमच्याकडं आलं.’ कोअर, बफर, गेट, जिप्सी, साइटिंग हे शब्द इथल्या शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसलेत. वावर, धानाची बांधी, बैलांची बंडी या शब्दांच्या शेजारी ते निवांत बसून असतात.

ताडोबा हे नावही इथल्याच माणसाचं. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला, तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं, त्याचा देव झाला. गोंड माणसं त्याला मानतात, पौषात त्याची जत्रा भरत आलेली. आता देव गेटच्या आत आहे आणि भक्त गेटच्या बाहेर. वाघाशी पहिला करार केला तो तारूनं. त्यानंतर जे जे कोणी इथे वाघ आणि माणूस यांच्यात मध्यस्थी करायला आले, वनखातं, संस्था, कंपन्या, आम्ही अहवालवाले, ते सगळे बाहेरचे. मावशी बोलताना ‘बाहेरचे लोक’ म्हणतात तेव्हा त्यात तुच्छता नसते. पाहुण्याला पाहुणा म्हणावं तसं ते असतं. पाहुणा येतो, चहा पितो, जातो. त्याच्या जाण्याची तारीख कागदावर असते, बहुतेक वेळा तीन वर्षांनंतरची.

या बाहेरच्यांनी काहीच केलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 2006 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं फाउंडेशन काढायची वाट मिळाली. त्यामुळे ताडोबाच्या गेटवर जमलेला पैसा इथे राहू लागला. जिप्स्या गावातल्या पोरांच्या, गाईड गावातले, आणि गाईड घेतल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर बायका गाईडचं काम करतात. खाकी शर्ट घातलेली, दुर्बीण गळ्यात अडकवलेली, पर्यटकाला ‘सर, आवाज नको’ म्हणून दटावणारी बाई बघितली की मला आपल्या अहवालातली सगळी विशेषणं फिकी वाटतात. पण गेट सगळ्या गावांना नसतं. मोहर्लीहून दहा-बारा किलोमीटर आत जा. वाघ तेवढेच, रिसॉर्ट नाही, जिप्सी नाही, रोजगार नाही. वाघाचा सगळा त्रास त्यांना, आणि वाघाचा पैसा ज्या गावातून डांबरी रस्ता जातो त्यांना. मावशींचं गाव या बिनगेटच्या जातीचं.

वाघ वाढलेत हे खरंच आहे. 2006 च्या गणनेत महाराष्ट्रात 103 वाघांचा अंदाज होता, 2022 च्या गणनेत तो 444 वर गेला. पुण्यात हा आकडा ऐकला की टाळ्या पडतात. चंद्रपूर जिल्ह्यात याच आकड्याचा दुसरा अर्थ होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला, पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, आणायला आणि बारा महिने लाकडाला माणूस जंगलात जातो. जातो तो वाकून. मोहफुलं वेचणारी बाई चार पायांच्या जनावराएवढ्याच उंचीची दिसते. वाघानं माणूस मारला तर सरकार पैसे देतं. ती रक्कम 15 लाखांवरून 20 आणि पुढे 25 लाखांवर गेली. त्यातले काही लगेच, बाकीचे बँकेत मुदत ठेवीत. मावशींच्या घरासमोरच्या घरात भिंतीवर हार घातलेला एक फोटो आहे. त्या घरात गाय घेतली, पोरीचं कॉलेज सुरू आहे. त्या घरातली बाई आजही लाकडाला जाते. मी तिला काही विचारलं नाही. प्रश्नावली माझ्या पिशवीत होती, ती पिशवीतच राहिली.

लाकडाचं काय करायचं यावर बाहेरच्यांनी शोधलेलं पहिलं उत्तर गॅस. 2015 मध्ये राज्य सरकारनं श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली, त्यातून बफरच्या गावांत गॅस जोडण्या आल्या, शौचालयं आली, कुंपणं आली. उत्तर चुकीचं नव्हतं. घराघरात सिलिंडर उभा राहिला, चहा गॅसवर होऊ लागला, पावसाळ्यात ओल्या लाकडाशी झटायचं वाचलं. पण मोळ्या येतच राहिल्या. आमच्या क्षेत्रातल्या बैठकांमध्ये त्यावर मोठमोठ्या चर्चा झाल्या. सवयी बदलत नाहीत, जागृती कमी पडते, पथनाट्य करू या. एक पथनाट्य मीही पाहिलंय. त्यात सिलिंडर झालेला मुलगा चुलीला नमस्कार करून तिला निरोप देतो. बायका पदराआड हसत होत्या.

मग कुणी तरी साधी गोष्ट केली. घरात बसून लाकूड कशाकशाला लागतं ते बघितलं. मुंबईच्या वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्टनं या वाघांच्या पट्ट्यातल्या गावांमध्ये घरोघरी अशी पाहणी केली, आणि कळलं ते असं की गॅस असलेल्या घरातही लाकडाचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातोय. तीन दगडांवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, खाली लाकडं, चहूबाजूंनी मोकळी आग. बहुतेक उष्णता हवेला. घरात सहा-सात माणसं, प्रत्येकाला बादली, शिवाय बाळंतीण असली तर वेगळं पाणी. गॅसवर हे पाणी तापवायचं तर काय होईल, हे मावशींनी मला एका वाक्यात सांगितलं होतं: ‘आंग धुवाले गॅस जाराचा, मंग भात कायवर शिजवाचा?’ ट्रस्टनं त्यावर काढलेला उपाय म्हणजे आमच्या न्हाणीघरातून मोडीत गेलेली वस्तू. बंब. काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, काहीही चालतं. जाळ आत कोंडलेला, पाणी भोवती, उष्णता फारशी वाया जात नाही. मावशींच्या अंगणातला बंब अशाच कामातून आलेला.

मला या गोष्टीचं हसूही येतं आणि थोडी शरमही वाटते. पाणी तापवायला सरपण लागतं ही गोष्ट संशोधनानं सिद्ध व्हावी लागली. बैठकीतल्या आम्हा सगळ्यांच्या घरी एके काळी कुणी तरी पहाटे उठून बंब पेटवत होतं. पण आम्ही लाल दिव्याची पिढी. गरम पाणी भिंतीतून येतं अशी आमची पक्की समजूत. स्वयंपाकाची चूल आम्हाला दिसत होती, कारण चुलीचे फोटो छान येतात, धूर, खोकणारी बाई, डोळ्यांतलं पाणी. न्हाणीचा फोटो कोण काढतो?

आणि भिंतीतल्या पाण्याची गोष्ट तर आणखी पुढची आहे. मोहर्लीकडून चंद्रपूरला येताना इरई धरणाचं पाणी दिसतं. हे धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेलं. त्याचा फुगवटा पार व्याघ्र प्रकल्पाच्या कडेपर्यंत. केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट, राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांत त्याची गणना होते. सभोवती कोळशाच्या खाणी, मातीचे काळे डोंगर, आणि केंद्राच्या आवारातल्या झुडपांतसुद्धा वाघ-बिबटे फिरतात. तारेतली वीज कुठून आली हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, पण माझ्या पुण्यातल्या गिझरमध्ये चंद्रपूरचा कोळसा कधीच जळला नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही. म्हणजे हिशेब असा झाला: आमचं पाणी तापावं म्हणून इथला कोळसा निघतो, खाणींमुळे वाघाच्या जायच्या-यायच्या वाटा तुटतात, वाघ गावाकडे सरकतो, आणि मग आम्ही दोन टक्क्यांतून इथल्या बाईला सांगायला येतो की बाई गं, पाणी तापवायला जंगलात जाऊ नकोस. हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही. तसा रकाना नसतो.

रकान्यांचं एक उदाहरण कुंपणाचं. इथल्या शेतकऱ्याचा रोजचा वैरी वाघ नाही. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय. धान लोंबीला आलं की रात्रभर जागल करावी लागते. मचाणावर थंडीत कुडकुडत बसायचं, डबे वाजवायचे, फटाके फोडायचे. कंटाळलेला माणूस मग शेताला तार लावून त्यात वरच्या लाइनीचा करंट सोडतो. डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारच्या शेताचा मालकच मरतो. म्हणून सौर कुंपण. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. योजनेतून आलं, कंपन्यांनीही दिलं, आणि जिथे नीट राखलं तिथे फार उपयोगी पडलं. मावशींच्या थोरल्या मुलाच्या वावराला ते आहे. तो खूश आहे. त्याच्या शेजारचा नाही, कारण डुकरं आता सगळीच्या सगळी शेजाऱ्याकडे जातात. आमच्या तक्त्यात ‘संरक्षित क्षेत्र’ असा रकाना होता, त्यात मुलाचं वावर भरलं. शेजाऱ्याचं वावर कुठल्या रकान्यात भरायचं हे मी वरिष्ठांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘तो आपला लाभार्थी नाही.’

लाभार्थी हा शब्द मला हल्ली खुपतो. त्यात लाभ देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला.

याच जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात, पाचगाव म्हणून गाव आहे. गोंड वस्तीचं, लहानसं. ताडोबाच्या बफरमधलं नाही, पण गोष्ट इथे सांगण्याजोगी. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली त्या गावाला 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बाहेरच्या कार्यकर्त्यांची मदत होती, ती दावे तयार करण्यात, कचेऱ्यांचे खेटे घालण्यात. हक्क आल्यावर ग्रामसभेनं बांबू स्वतः तोडून स्वतः विकायला सुरुवात केली. आणि तेंदूपत्ता, ज्याचा पैसा रोख आणि हमखास, तो तोडणं बंद केलं. कारण चांगली पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, मग झाडाला फळ धरत नाही, जंगल खराब होतं. हे त्यांना कुणी पथनाट्यातून सांगितलं नव्हतं. शिवाय जंगलाचा एक तुकडा त्यांनी देवाच्या नावानं हात न लावता राखून ठेवला. मी तिथे गेलेले नाही, ऐकलं-वाचलेलं सांगतेय. पण मशिनीच्या तुटक्या पट्ट्याकडे बघताना मला राहून राहून पाचगाव आठवत होतं. मालकी आपली म्हटल्यावर माणसं रोख पैसासुद्धा सोडतात, आणि मालकी साहेबाची म्हटल्यावर पट्टासुद्धा बदलत नाहीत.

बफरच्या गावांना असा हक्क देणं सोपं नाही, हे मला कळतं. तिथे वाघाची दाटी आहे, खात्याची जबाबदारी आहे, माणूस मेला तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. बीटवर एकट्यानं फिरणाऱ्या वनरक्षकाची रात्र कशी असते हेही मी पाहिलंय. त्याच्या हातात काठी असते. गावकऱ्यांचा राग मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचत नाही, त्याच्यापर्यंत पोचतो. बाहेरच्यांपैकी सगळ्यात आतला तोच, आणि शिव्याही सगळ्यात जास्त त्यालाच.

गेल्या जानेवारीत पुन्हा मावशींकडे गेले. या वेळी काम नव्हतं, नागपूरला लग्न होतं, मध्ये दोन दिवस होते. मंगळवार होता, कोअर बंद, रस्त्याला जिप्स्यांची वर्दळ नाही. मावशींनी झुणका आणि भाकरी केली होती, माझ्यासाठी. घरच्यांना रोज भातच लागतो. जेवताना त्या म्हणाल्या, ‘मॅडम, एक काम होतं तुमच्याकडं.’

मला वाटलं, मुलाच्या नोकरीचं असणार. असंच असतं बहुतेक वेळा.

त्यांनी फडताळातून कागदाची पुडी आणली. आत बंबाची तोटी. पिळ झिजलेला, मूठ तुटलेली. नातवानं खेळताना त्यावर पाय दिला म्हणे. पंधरा दिवस त्यांनी भोकाला लाकडी खुंटी ठोकून, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून काम चालवलं होतं. त्याआधी चंद्रपूरहून कुणाला तरी सांगून एक तोटी मागवलीही होती, ती प्लॅस्टिकची निघाली, दोन दिवसांत वाकडी झाली.

‘जाताना चंद्रपुरात पाहाल ना? पितळेचीच आना जी. पिलास्टिक नको.’ आणि कमरेच्या बटव्यातून त्यांनी दोनशेची नोट काढली.

मी म्हटलं, ‘राहू द्या मावशी, मी आणते.’

‘कायले? बंब माहा हाय.’

नोट घ्यावी लागली. त्या मला खात्री पटेपर्यंत सांगत होत्या, आतला पिळ बघा, गच्च बसला पाहिजे, मूठ उभी नको आडवी पाहा, उभीवर पोट्टे लटकतात. नंतर थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘हे वापस नेतीन का जी? संस्थेचे लोक? काम सरल्यावर?’

‘नाही नेणार.’

‘नाई, मशिनीचं विचारत होते परवा. मोजाले आल्ते.’

रात्री मी तो विचार करत पडले होते. समाजमंदिरातल्या मशिनी कुणी तरी मोजायला आलं होतं, म्हणजे कुणाच्या तरी वहीत त्या अजून ‘चालू’ असणार. त्या वहीतली पहिली नोंद माझ्या वाक्यावरून झाली असेल. बाहेर कुत्री एकदम भुंकायला लागली, मग एकदम गप्प झाली. मावशी अंधारातच म्हणाल्या, ‘झोपा मॅडम. गेला तो.’ कोण, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या गोल बाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभी राहिले. दुकानदारानं तुटकी तोटी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

‘अर्धा इंच की पाऊण?’

मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत त्या गावावर मी शंभरेक पानं लिहिली होती. घरांची संख्या, गुरांची संख्या, जोडण्या, शौचालयं, सगळं तोंडपाठ. मावशींना फोन लावला, लागला नाही. त्यांच्या गावात रेंज फक्त शाळेजवळच्या चिंचेखाली येते, आणि या वेळी त्या बांधीत असणार. दुकानदारानं जुन्या तोटीचा झिजलेला पिळ दोन-तीन नळांना लावून पाहिला. ‘पाऊण वाटते, पण झिजलीय ना ताई, गॅरंटी नाही देत.’

मी दोन्ही घेतल्या. दोनशेत एकच बसत होती, दुसरीचे मी घातले. ते मावशींना सांगणार नाहीये. दोन्ही तोट्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, दोरा बांधला, वर गावाचं आणि मावशींचं नाव लिहिलं आणि मोहर्लीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिल्या. त्यानं पुडी हातात तोलून पाहिली.

‘काय हाय?’

‘बंबाची तोटी.’

‘कोनाची, बचत गटवाल्या मावशीची? मंग देतो बरोबर. चार दिवस झाले, रोज इचारते, आली का म्हनून.’